ताराबाई मोडक आणि आपला बालवर्ग

स्मरणिका समितीने मला आपल्या बालवर्गाविषयी लिहायला सांगितले. मी याच शाळेची विद्यार्थिनी आणि पुढे सव्वीस वर्षे इथल्याच बालवर्गाची शिक्षिका, त्यामुळे आठवणी पुष्कळ आहेत. पण खोपटच्या या शाळेत आपण मणी ओवले, ओल्या मातीचे बैल केले, डबा उघडण्याआधी रांगेत हात धुतले, हे सारे आले कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. आपल्या पहिल्या बालवर्गाच्या बाई दादरच्या शिशुविहारात शिकून आल्या होत्या आणि शिशुविहार उभे केले ते ताराबाई मोडक यांनी. म्हणून आठवणी बाजूला ठेवून मी ताराबाईंचे चरित्रच थोडक्यात सांगते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींनी शिकावे हे घरात वादाचे नव्हते. 1914 साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोट गाठले आणि तिथल्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी घेतली. मानाची, पगाराची नोकरी होती. एकट्या बाईने ती सोडावी असे कोणीच म्हटले नसते.

पण राजकोटहून जवळच भावनगर. तिथे गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. मारिया माँटेसरींचे विचार वाचून त्यांनी शाळेतून भीती आणि छडी हद्दपार केली होती. मुले गोष्टी ऐकत, नाटके करत, बागेत काम करत, आपापल्या गतीने शिकत. ताराबाईंनी हे पाहिले आणि प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका चालवली, ती पुढे मराठीतही निघू लागली. शिक्षकांइतकेच आईबापांनाही शिकवावे लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

1936 साली ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. ही सरकारी शाळा नव्हती. मध्यमवर्गीय पालकांच्या विश्वासावर चालणारी खासगी संस्था होती. तिथे बालमंदिर होते आणि शिक्षिका घडवण्याचे वर्गही होते. मुलाचे डोळे, कान, बोटे तयार झाली की अक्षर आपोआप जवळ येते; आपला पाट आपण उचलणे, सांडलेले पाणी आपण पुसणे हाही अभ्यासच; गाणे आणि चित्र हे अभ्यासानंतरचे बक्षीस नव्हे. या गोष्टी आज आपल्याला साध्या वाटतात. पाटी-पेन्सिल आणि पाढे म्हणजेच शाळा, अशा काळात त्या पालकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

इथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण चांगले बालशिक्षण फी भरू शकणाऱ्यांच्याच मुलांना मिळते, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी डहाणू तालुक्यात, आणि डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. पालघर जिल्हा वेगळा झाला तो 2014 साली. 1945 सालीच तिकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा मुलखात ही शाळा निघाली. मदतीला आल्या अनुताई वाघ, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि पुढे जिद्दीने शिकलेल्या शिक्षिका. दोघींनी जवळजवळ तीन दशके बरोबर काम केले.

बोर्डीत त्यांच्या लक्षात आले की आदिवासी मुले शाळेत येतच नाहीत. कोणी गुरे राखते, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते. मग शाळाच पाड्यावर गेली. एखाद्या घरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तिलाच अंगणवाडी हे नाव पडले. आधी मुलांना आंघोळ, मग नखे, केस, मग गाणे आणि गोष्ट. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि विकासवाडी उभी राहिली : एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. तान्हे भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्यावर थोरल्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. मुलाचा सर्वांगीण विकास हे शब्द आपण प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात वाचतो. त्यांचा अर्थ मला त्या पाळणाघरात सापडतो. मुलाचे पोट, अंग, घर आणि मन यांचा विचार केल्याशिवाय त्याचे शिक्षण सुरूच होत नाही.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. कोसबाडचे काम अनुताईंनी 1992 पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, पुढे नेले.

आता आपल्या शाळेविषयी. या मेळाव्याच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांचा निधी जमतो आहे आणि त्यातून बालवर्गात डिजिटल फळे बसवावेत असा प्रस्ताव आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पालक शेजारच्या शाळांशी तुलना करतात, पट घसरतो, आणि पट घसरला की मराठी माध्यमाची तुकडी बंद होते. ही भीती मी शिक्षिका म्हणून जवळून अनुभवली आहे. पण मातीचा हौद गेली काही वर्षे फरशीखाली गेला आहे. बालवर्गाला स्वतंत्र बेसिन नाही. बालवर्गाच्या सेविकेची जागा रिकामी आहे. चार वर्षांच्या मुलाला फळ्यावरच्या हलत्या चित्राआधी या तीन गोष्टी लागतात. खोपटच्या चाळींतून आणि आता इमारतींतून येणाऱ्या मुलांना घरी अंगण उरलेले नाही, ते शाळेतच मिळायला हवे.

म्हणून माझी विनंती आहे की निधीतला पहिला खर्च हौद, पाण्याची सोय आणि सेविकेचा पगार यांवर व्हावा, आणि फळ्यांचा विचार त्यानंतर. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी निधीची सभा आहे. तिथे मी हे मांडणार आहे. ज्यांनी त्या हौदात बैल केले आहेत, त्यांनी जरूर यावे.