झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई आणि महालक्ष्मीची वाट

झाशी नगराच्या जुन्या कोटास दहा दरवाजे होते. दतिया, ओरछा, भांडेर, सागर अशी बहुतेकांची नावे ज्या गावाकडे वाट जाते त्या गावावरून पडली. लक्ष्मी-दरवाजाचे तसे नाही. त्यातून बाहेर पडणारी वाट लक्ष्मीताल नामक विस्तीर्ण सरोवराकडे व त्याच्या काठी असलेल्या श्रीमहालक्ष्मीच्या देवालयाकडे नेते. कोकणातून उत्तरेत जाऊन बुंदेलखंडात राज्य स्थापणाऱ्या नेवाळकर घराण्याची ही कुलस्वामिनी. याच तळ्याच्या परिसरात झाशीचे अखेरचे महाराज गंगाधरराव यांची छत्री आहे, व ती त्यांच्या पत्नीने बांधविलेली आहे. महाराणी लक्ष्मीबाईंचे चरित्र सांगताना सर्वसाधारणपणे किल्ल्याचा बुरूज आणि पाठीशी मूल बांधलेला अश्व एवढेच डोळ्यांपुढे उभे केले जाते. परंतु त्यांचे अंतःकरण ज्यास जाणावयाचे असेल, त्याने या दरवाजातून एकदा बाहेर पडून पाहावे.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. काशीक्षेत्री जन्म झाल्यामुळे ते नाव ठेवले गेले. जन्मतिथी कार्तिक वद्य चतुर्दशी. वर्ष कोणी 1828 धरतात, कोणी 1835. पिता मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीआप्पा यांच्या पदरी होते. माता भागीरथीबाई लवकरच निवर्तल्या. चिमाजीआप्पांच्या पश्चात मोरोपंत ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयास आले व आईवेगळी मुलगी तेथील पुरुषमंडळींतच वाढली. घोड्यावर बसणे, शस्त्र चालविणे व अक्षरओळख ही तिला तेथेच झाली. 1842 साली गंगाधररावांशी विवाह होऊन ती झाशीस आली आणि सासरी तिचे नाव कुलदेवतेचेच ठेविले गेले.

गंगाधरराव संस्कृत ग्रंथांचे संग्राहक व नाटकाचे मोठे शोकी होते. त्यांच्या स्वभावाविषयी बऱ्यावाईट पुष्कळ कथा आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. 1851 साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, म्हणजे ज्या तिथीस आपण गीताजयंती करतो त्याच तिथीस, या दांपत्यास पुत्र झाला. तो तीन महिन्यांतच गेला. त्या दुःखाने महाराजांची प्रकृती ढासळली ती पुन्हा सावरली नाही. 20 नोव्हेंबर 1853 रोजी त्यांनी आपल्याच घराण्यातील पाच वर्षांच्या आनंदरावांस यथाविधि दत्तक घेऊन त्यांचे नाव दामोदरराव ठेविले. मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी त्या समारंभास समक्ष हजर होते. दुसऱ्याच दिवशी महाराजांचा देहान्त झाला.

यानंतरची चार वर्षे या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत कमी सांगितली जातात. या चार वर्षांत राणीसाहेबांनी तरवार उपसली नाही. त्यांनी अर्ज लिहिले. 1817 च्या तहात झाशीचे राज्य रामचंद्ररावांस व त्यांच्या वारसांस वंशपरंपरा दिलेले होते. शेजारच्या ओरछा व दतिया संस्थानांत दत्तकविधान मान्य झालेले होते. हे दाखले देऊन त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांस खलिते पाठविले. डलहौसींनी 1854 च्या फेब्रुवारीअखेर राज्य खालसा केले. मार्चमध्ये तसा जाहीरनामा झाशीस लागला आणि बाईसाहेब किल्ला सोडून शहरातील वाड्यात राहू लागल्या. पुढे जॉन लँग नामक वकिलास बोलावून त्यांनी सल्ला घेतला, विलायतेपर्यंत दाद मागितली. उपयोग झाला नाही.

डलहौसींचा निर्णय असा की, दत्तक पुत्र महाराजांच्या खाजगी मालमत्तेचा धनी होईल, राज्याचा होणार नाही. दत्तकमीमांसा अथवा दत्तकचंद्रिका ज्याने गुरुमुखातून वाचली आहे त्यास ही वाटणी विलक्षण वाटते. शास्त्रात औरस नसता दत्तक हा पित्याच्या पिंडाचा अधिकारी आणि म्हणूनच त्याच्या रिक्थाचा अधिकारी. पिंड द्यावयास मुलगा खरा, व पित्याच्या आसनावर बसावयास मात्र खरा नव्हे, असा भेद त्या ग्रंथांत कोठे आढळत नाही. याहून विचित्र प्रकार कर्जाचा. जो रिक्थ घेईल त्याने ऋण फेडावे, हा स्मृतींचा स्पष्ट नियम आहे. येथे राज्य घेतले कंपनी सरकारने, आणि गंगाधररावांचे ऋण मात्र विधवेच्या दरमहा पाच हजारांच्या नेमणुकीतून कापून घ्यावे असे ठरले. बाईसाहेबांनी त्यास हरकत घेतली, ती ऐकली गेली नाही.

आणखी दोन गोष्टी याच सुमारास घडल्या, आणि त्या थेट लक्ष्मी-दरवाजाच्या वाटेवरील आहेत. महालक्ष्मीच्या पूजाअर्चेसाठी पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी गावे लावून दिली होती. त्या गावांचे उत्पन्न सरकारने ओढून घेतले. तसेच झाशीत नेवाळकरांच्या अमलात गोवध होत नसे. ती बंदी नव्या सरकारने उठविली. दोन्ही बाबतींत राणीसाहेबांनी लेखी विरोध नोंदविला व नगरवासीयांनीही अर्ज केले. फळ निघाले नाही. स्वतःचे सिंहासन गेले तेव्हा जी स्त्री कायद्याच्या मार्गाने चालत राहिली, तिच्या मनात देवीचा दिवा आणि गाय या दोहोंवर आघात झाल्यावर काय कालवले असेल, याची कल्पना आपल्या वाचकांस देण्याची गरज नाही.

पुढे दामोदररावांच्या मुंजीचा प्रसंग आला. मुलाच्या नावे सरकारी खजिन्यात काही लाख रुपये होते. त्यांतून एक लाख मुंजीसाठी द्यावे, अशी मातेने मागणी केली. मुलगा अज्ञान आहे, पुढे त्याने हिशेब मागितल्यास काय, असे म्हणून सरकारने जामीन मागितले. मुलाच्याच पैशातून मुलाचे उपनयन करण्यासाठी एका राजमातेस गावातील सावकारांची हमी आणावी लागली. ज्याच्या घरी मुंज झाली आहे, त्या प्रत्येक गृहस्थास हा अपमान कोठे लागला असेल ते समजेल.

या काळातील त्यांची दिनचर्या आपणांस एका याज्ञिकाने सांगितली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे घरचे ऋण फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि पुष्कळ दिवस झाशीत बाईसाहेबांच्या आश्रयास राहिले. त्यांचा माझा प्रवास हा ग्रंथ 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. बाईसाहेब पहाटे उठत, व्यायाम करीत, घोडा फिरवीत. मग स्नान, तुळशीची पूजा, पार्थिवलिंगाचे अर्चन. रामनामाच्या अकराशे चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून त्या माशांस टाकीत. तिसरे प्रहरी कचेरीत बसून कामकाज पाहात. वस्त्र बहुधा शुभ्र, अलंकार मोजके.

येथे एक प्रश्न त्या काळच्या कर्मठ मंडळींनी उपस्थित केलाच असेल. ब्राह्मण विधवेने केशवपन केले नाही, ती दरबारात बसते, घोड्यावर बसते, हे कसे? बाईसाहेबांस हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावा लागत नव्हता. तो त्यांनी स्वतःच स्वतःस विचारला होता. केश राखले म्हणून त्या दररोज तीन कृच्छ्रांचे प्रायश्चित्त करीत, असे गोडसे भटजी लिहितात. कृच्छ्र म्हणजे मुळात बारा दिवसांचे खडतर व्रत. ते प्रत्यक्ष करणे शक्य नसेल तेव्हा त्याच्या बदली दान देण्याची जी सोय शास्त्राने ठेविली आहे, तिचा आश्रय घेऊन उदक सोडले जाई. मला या चरित्रात रणांगणाइतकाच हा प्रसंग थोर वाटतो. अल्पवयी पुत्र आणि अनाथ झालेली प्रजा यांच्यासाठी एक आचार बाजूस ठेवावा लागला. तो खोटा आहे असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याच्या भयाने कर्तव्यही टाकले नाही. जे ठेवले त्याचे मोल रोज चुकते केले. लोकसंग्रह हा शब्द आपण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात नित्य वाचतो.

मंगळवारी व शुक्रवारी बाईसाहेबांची स्वारी महालक्ष्मीच्या दर्शनास निघे. कधी मेण्यात, कधी घोड्यावर. घोड्यावर असल्या म्हणजे पुरुषी पोशाख असे. एके दिवशी दर्शन घेऊन परतताना शहराच्या दरवाजाशी शेकडो भिकाऱ्यांनी वाट अडवून आरडाओरडा केला. काय हवे म्हणून दिवाणाकडून चौकशी करविली, तेव्हा थंडीने जीव जात आहे, अंगावर वस्त्र नाही, असे कळले. चौथ्या दिवशी शहरातील सर्व भिकाऱ्यांस जमवून प्रत्येकास टोपी, बंडी व कांबळे द्यावे, अशी आज्ञा झाली व गावातील शिंप्यांस काम लागले.

हे चालू असता राजकीय वादळ उठून गेले होते. 1857 च्या जूनच्या आरंभी झाशीतील पलटणीने बंड केले आणि 8 जून रोजी किल्ल्यातून बाहेर आलेल्या साठांच्या आसपास युरोपियन स्त्री-पुरुष-मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. हे कृत्य घोर होते, त्यास दुसरे नाव नाही. याच रक्ताचा डाग इंग्रज लेखकांनी राणीसाहेबांच्या माथी लावला आणि अनेक वर्षे त्यांच्या ग्रंथांत ही साध्वी क्रूर स्त्री म्हणून वावरली. वस्तुस्थिती काय होती? बंडवाल्यांनी धमकी देऊन बाईसाहेबांकडून द्रव्य उकळले व ते दिल्लीकडे निघून गेले. बाईसाहेबांनी लगेच सागरचे कमिशनर अर्स्किन यांस सर्व हकीकत लिहून कळविली आणि अर्स्किन यांनी सरकारतर्फे कारभार पाहण्यास त्यांसच सांगितले. पुढे 1889 साली मार्टिन नामक इंग्रजाने दामोदररावांस स्वतः पत्र लिहून, त्यांच्या मातेचा त्या कत्तलीत काही हात नव्हता, असे कळविले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते पत्र आपल्या मराठी चरित्रात छापले आहे. एका स्त्रीची कीर्ती परत येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोपर्यंत ऐकावयास ती नव्हती.

सरकारतर्फे सांभाळलेल्या त्या राज्यावर आधी सदाशिवराव नेवाळकर व मग ओरछ्याचा नत्थेखान चालून आला. दोघांचाही बाईसाहेबांनी पराभव केला. तरीही सरकारने त्यांस बंडखोरांतच गणले. 1858 च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीस वेढा दिला तेव्हा शिष्टाईची सर्व दारे बंद झालेली होती. भगवंतही प्रथम शिष्टाईस गेले होते, हे भारताचे वाचक जाणतात.

वेढ्याची व युद्धाची हकीकत सर्वश्रुत आहे. मदतीस आलेले तात्या टोपे 1 एप्रिल रोजी बेतवेकाठी हरले, 3 एप्रिलला इंग्रज फौज तट चढून आत आली, आणि दुसऱ्या रात्री बाईसाहेब दामोदररावांसह काल्पीकडे निघून गेल्या. मागे शहरात काय घडले ते गोडसे भटजींनी लपून बसून पाहिले. घराघरांत शिरून माणसे मारली गेली. गंगाधररावांनी आयुष्यभर जमविलेला ग्रंथसंग्रह फाडून, जाळून टाकला. वेष्टने काढून पोथ्या रस्त्यावर फेकल्या. ज्या पोथ्यांच्या प्रती करण्यासाठी काशीचे पंडित येत, त्यांची राख झाली. मोरोपंत तांबे पकडले जाऊन फाशी गेले.

काल्पी पडल्यावर ग्वाल्हेर घेतले गेले, आणि तेथेच 1858 च्या जूनमध्ये फुलबागेजवळील रणात बाईसाहेबांस मरणाची जखम झाली. 17 जून व 18 जून अशा दोन्ही तारखा दिलेल्या आढळतात. देह शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बाबा गंगादासांच्या मठाशेजारी गवताच्या गंजीची चिता रचून अग्नी दिला गेला. ज्या ह्यू रोज यांनी त्यांचा पाठलाग केला, त्यांनीच विरुद्ध पक्षातील सेनानायकांत राणी सर्वांत शूर होती, असे पुढे लिहून ठेवले.

दामोदरराव काही स्वामिनिष्ठ सेवकांसह जवळजवळ दोन वर्षे रानावनात भटकत राहिले. 1860 साली ते सरकारच्या स्वाधीन झाले व इंदुरास एका लहान नेमणुकीवर राहिले. ज्या खजिन्यातील पैशासाठी त्यांच्या मातेस मुंजीच्या वेळी जामीन द्यावे लागले होते, त्यातील आपली रक्कम मिळावी म्हणून त्यांनी वारंवार अर्ज केले. ती त्यांना मिळाली नाही. 28 मे 1906 रोजी इंदुरासच त्यांचा देहान्त झाला.