हायरम जॉन्सन : शस्त्र जनतेचे, हात कोणाचा?

राजकारणातील पैशाची सत्ता मोडावयाची, तर कायदे करण्याचा अधिकारच थेट मतदारांच्या हाती द्यावा, हा विचार मोहक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो अमलात आणणाऱ्या हायरम जॉन्सन यांचे चरित्र या विचाराचे सामर्थ्य दाखविते आणि त्याची मर्यादाही.

जॉन्सन यांचा जन्म २ सप्टेंबर १८६६ रोजी सॅक्रामेंटो येथे झाला. वडील ग्रोव्ह जॉन्सन हे वकील, रिपब्लिकन पक्षाचे वजनदार पुढारी आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीचे पाठीराखे होते. ही कंपनी त्या काळी केवळ गाड्या चालवीत नव्हती. शेतमालाच्या वाहतुकीचे दर तिच्या मुठीत होते आणि पक्षांच्या उमेदवाऱ्यांपासून विधिमंडळातील मतांपर्यंत तिचा शब्द चाले. हायरम यांनी वकिलीचे धडे वडिलांच्याच कचेरीत गिरविले. परंतु पुढे राजकारणात त्यांच्याशी उघड फारकत घेतली.

१९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे लाचलुचपतीचा गाजलेला खटला चालू होता. ट्रॉली कंपनीच्या हितासाठी नगरपर्यवेक्षकांना लाच दिल्याचा आरोप शहराच्या राजकारणाचा सूत्रधार एब रूफ याच्यावर होता. सरकारी पक्षाचे वकील फ्रान्सिस हेनी यांच्यावर भर न्यायालयात गोळी झाडली गेली, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांची जागा घेतली. रूफला शिक्षा झाली. १९१० मध्ये रेल्वेला राजकारणातून हद्दपार करण्याची घोषणा देत, मोटारीने गावोगाव फिरून, जॉन्सन राज्यपालपदी निवडून आले.

१० ऑक्टोबर १९११ रोजी राज्यघटनेतील २३ दुरुस्त्या मतदारांपुढे आल्या आणि त्यांपैकी २२ संमत झाल्या. स्त्रियांना त्याच दिवशी मताधिकार मिळाला. याशिवाय मतदारांना तीन अधिकार लाभले : स्वतः कायदा सुचवून तो मतास टाकणे, विधिमंडळाने केलेला कायदा सार्वमताने रद्द करणे आणि निवडून दिलेल्या अधिकाऱ्यास मुदतीपूर्वी परत बोलावणे. ही कल्पना जॉन्सन यांची नव्हे. साउथ डकोटाने १८९८ मध्ये व ऑरेगॉनने १९०२ मध्ये तिचा स्वीकार केला होता. मूठभर आमदार विकत घेता येतात, सारे मतदार घेता येणार नाहीत, हे त्यामागील गणित होते.

बहुमत मात्र न्याय्यच असते असे नाही. १९१३ मध्ये जपानी शेतकऱ्यांना जमिनीची मालकी नाकारणाऱ्या कायद्यावर याच जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली, ही त्यांच्या कारकीर्दीवरील काळी छाया होय.

१९१७ पासून ते वॉशिंग्टनला सिनेटमध्ये होते. १९२२, १९२४ आणि १९२६ या तीन वर्षी कॅलिफोर्नियात पाणी व वीज सार्वजनिक मालकीची करण्याचा प्रस्ताव मतास आला. खाजगी वीज कंपन्यांनी प्रचारावर मोठ्या रकमा ओतल्या आणि तिन्ही वेळा तो पडला. कोलोरॅडो नदीवरील धरणाच्या १९२८ च्या कायद्यासाठी जॉन्सन सिनेटमध्ये खाजगी वीज कंपन्यांशीच झगडत होते. १९३३ मध्ये तर सॅक्रामेंटोतच, असे प्रचार मोबदला घेऊन चालविणारी 'कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड' ही पेढी निघाली. राष्ट्रसंघाचे कडवे विरोधक असलेले जॉन्सन ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर बाँब पडला त्या दिवशी, निवर्तले.

त्यांचे गणित कोठे चुकले? एखाद्या प्रस्तावाने कंपनीचा लाभ वा तोटा कोट्यवधींचा असतो. सामान्य मतदाराच्या वाट्याला त्यातील किरकोळ रक्कम येते. अर्थात कंपनी खर्च करते, मतदार अभ्यासाचे कष्टही घेत नाही. मत विकत घ्यावे लागत नाही. मतदाराच्या कानी काय पडावे, ते विकत घेतले की पुरे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा खर्च हा कंपन्यांचा अधिकारच ठरविला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ॲपवरील टॅक्सी व घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी, आपले चालक नोकर ठरू नयेत म्हणून, २० कोटी डॉलरांहून अधिक खर्चून प्रस्ताव संमत करून घेतला.

तथापि व्यापारी संघटनांचे मत म्हणजे निकाल नव्हे. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ताकर कापला जाणार होता. लाभ कंपन्यांनाही होता. तरी राज्याच्या वाणिज्य मंडळाने, सरकारी अर्थव्यवहार कोलमडेल या धास्तीने, विरोध केला. सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो जुमानला नाही. २०२० मध्ये व्यापारी मालमत्तेची तीच सवलत काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हेच मंडळ सवलतीच्या रक्षणार्थ उभे राहिले. तो प्रस्ताव पडला. भूमिका हितसंबंधांबरोबर फिरते. त्यात नवल नाही आणि गुन्हाही नाही.

जॉन्सन यांनी दिलेले शस्त्र यामुळे निरुपयोगी ठरत नाही. मात्र प्रस्तावामागे कोणाचा पैसा आहे, तो किती आहे आणि त्यातून कोणास काय मिळणार आहे, हे मतदानापूर्वी उघड झाले पाहिजे. ते विचारणारा मतदार नसेल, तर हद्दपार केलेली रेल्वे दुसरे नाव घेऊन परत येते.