हेन्री फोर्ड आणि सोयाबीनचा रंग

हेन्री फोर्ड हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे येतो तो मोटारींचा अवाढव्य कारखाना, त्यातील सरकता पट्टा आणि १९१४ साली कामगारांना देऊ केलेली पाच डॉलरांची रोजी. या उद्योगपतीने आयुष्याच्या उत्तरार्धात एका कडधान्याचा ध्यास घेतला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आज ती आठवावी अशीच आहे.

फोर्ड यांचा जन्म १८६३ साली मिशिगन राज्यातील डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीतील काबाडकष्टांचा त्यांना तिटकारा होता. शेतीशी असलेले नाते मात्र तुटले नाही. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकन शेतमालाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर मोटार घेणार कोण, हा प्रश्न फोर्ड यांच्यापुढे उभा राहिला. यात सहानुभूती होती तसा व्यापारी हिशेबही होता. शेतमालाला अन्नाखेरीज कारखान्याचे दुसरे गिऱ्हाईक मिळाले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले.

डिअरबॉर्न येथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली व रॉबर्ट बॉयर या विशीतल्या तरुणाकडे ती सोपविली. अनेक पिके तपासून १९३१ च्या सुमारास सोयाबीनची निवड झाली. पेंडीपासून मोटारीच्या मुठी व बटणे होऊ लागली. तेल गेले रंगाकडे.

रंगाचा प्रश्न मोटारधंद्याला जुनाच होता. प्रारंभीचा काळा रंग डांबरी द्रव्य व जवसाचे तेल यांपासून बनत असे. पुढे आलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या रंगाचे अनेक थर द्यावे लागत आणि नंतर घासूनपुसून चकाकी आणावी लागे. यावर उपाय ठरले ते अल्किड राळेचे भट्टीत भाजावयाचे एनॅमल. तेल व ग्लिसरीन सुमारे २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यांचा संयोग करावयाचा, मग त्यात थॅलिक अ‍ॅनहायड्राइड घालून सुटणारे पाणी काढून टाकावयाचे, अशी ही रीत. ठरावीक वेळाने नमुना काढून त्याची आम्लता व दाटपणा मोजावा लागतो. अंदाज चुकला तर सारा घाणा भांड्यातच गोठतो. तयार राळेचा पातळ थर पोलादी पट्टीवर देऊन तो किती वेळात वाळतो, पट्टी वाकविल्यावर तडकतो का, मिठाच्या पाण्याने खाली गंज धरतो का, हे पाहिले जाते. जवसाचे तेल लवकर वाळते, पण कालांतराने पिवळे पडते. सोयाबीनचे तेल सावकाश वाळते, परंतु त्याचा रंग अधिक टिकतो. आणि भट्टीच्या उष्णतेने वाळण्यातील उणीव भरून निघते. १९३५ च्या सुमारास फोर्डच्या प्रत्येक मोटारीमागे एक बुशेल, म्हणजे सुमारे २७ किलो, सोयाबीन खर्ची पडत असे.

१९४० साली वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमक्ष फोर्ड यांनी मोटारीच्या प्लास्टिकच्या झाकणावर कुऱ्हाड चालवून दाखविली. १९४१ साली प्लास्टिकच्या पत्र्यांची एक मोटारही त्यांनी प्रदर्शनात मांडली. युद्धाने तो उद्योग थांबला आणि १९४७ साली फोर्ड निवर्तले. पुढे स्वस्त खनिज तेलापासून बनलेल्या प्लास्टिकने बाजार व्यापला. कुऱ्हाडीचे ते प्लास्टिक इतिहासजमा झाले. प्रयोगशाळेत निमूटपणे कसोटीला उतरलेली सोयातेलाची राळ मात्र जगभरच्या रंगधंद्यात टिकून राहिली.

फोर्ड यांच्या चरित्राला काळी बाजूही आहे. आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी ज्यूंविरुद्ध विखारी प्रचार केला, आणि १९३७ साली त्यांच्या कारखान्याच्या दारात कामगार संघटकांना मारहाण झाली. सोयाबीनच्या प्रयोगातही शेत, तेलघाणा व कारखाना यांवर बव्हंशी एकाच धन्याची सत्ता होती. अशा व्यवस्थेत शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळते. घासाघीस करण्याचे बळ मिळतेच असे नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. १९८० नंतर सोयाबीन तेथील प्रमुख पीक बनले. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना अनेक बाजार समित्यांत भाव त्याखालीच राहिले. दुसरीकडे भारताला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो. तेव्हा तेल ताटात जावे की रंगाच्या डब्यात, हा प्रश्न येथे अमेरिकेइतका सोपा नाही. तथापि पिकाला एकच दार असले की त्या दारावरचा व्यापारी भाव ठरवितो, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे. दुसरे दार उघडण्याचा मार्ग फोर्ड यांनी दाखविला. त्या दाराची किल्ली शेतकऱ्याच्या हाती कशी राहील, हे मात्र त्यांनी पाहिले नाही. ते काम सहकाराला व धोरणकर्त्यांनाच करावे लागेल.