विश्लेषण : पाऱ्यातून सुरू झालेले कोडे तांब्यात का अडकले? अतिसंवाहकतेचे जनक कॅमरलिंग ओनेस कोण होते?

कोणताही विरोध न होता वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे शक्तिशाली चुंबक त्यांच्यामुळेच चालतात. या शोधाचे श्रेय हाइके कॅमरलिंग ओनेस यांना जाते.

जडणघडण कशी झाली?

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. १८८२ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अचूक मोजमापाशिवाय ज्ञान नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी काचकाम आणि यंत्रकाम शिकवणारी शाळाच त्यांनी प्रयोगशाळेला जोडली.

प्रयोगशाळेचे काम का थांबले?

१८०७ मध्ये लायडनमध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा भीषण स्फोट झाला होता. त्यात उद्ध्वस्त झालेल्या भागातच ही प्रयोगशाळा होती. तेथे दाबाखालील वायू साठवले जातात हे समजताच शहर प्रशासन धास्तावले. १८९५ पासून सुमारे तीन वर्षे काम अडले. दरम्यान, १८९८ मध्ये लंडनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप करून बाजी मारली. मात्र हेलियमच्या शर्यतीत ओनेस जिंकले. १० जुलै १९०८ रोजी उणे २६९ अंश सेल्सियसला हेलियम द्रवरूप झाला.

पाऱ्यात काय दिसले?

अतिशीत धातूत इलेक्ट्रॉन गोठतील आणि वीज थांबेल, असे काहींना वाटे. ओनेस यांच्या मते विरोध हळूहळू कमी होणार होता. एप्रिल १९११ मध्ये शुद्ध पारा थंड केला असता ४.२ केल्विनच्या आसपास विरोध एकदम नाहीसा झाला. मोजमाप करणारे सहकारी गिलेस होल्स्ट होते. शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या ओनेस यांचे होते. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

स्वप्न कशामुळे भंगले?

अतिसंवाहक तारांचे महाकाय चुंबक बनवण्याची त्यांची इच्छा होती. पण ठरावीक मर्यादेपलीकडचे चुंबकक्षेत्र अतिसंवाहकताच नष्ट करते, असे त्यांना आढळले. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. पाऱ्यात असे का घडते, याचे समाधानकारक उत्तर १९५७ मध्ये मिळाले.

तांब्याचे कोडे काय?

१९८६ मध्ये झुरिचजवळ बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांबे व ऑक्सिजनच्या संयुगात बऱ्याच जास्त तापमानाला अतिसंवाहकता आढळली. पुढच्याच वर्षी ती द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर गेली. मूळ संयुगात शेजारशेजारच्या तांब्याच्या अणूंची चुंबकीय फिरकी, म्हणजे स्पिन, उलटसुलट दिशेने असते आणि वीज वाहत नाही. काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की अतिसंवाहकता येते. मात्र लँथॅनमयुक्त काही संयुगांत आठ तांब्याच्या अणूंमागे एक इलेक्ट्रॉन कमी केला की विद्युतभार पट्ट्यापट्ट्यांत जमतो. मधल्या भागात स्पिनची उलटसुलट रचना टिकते आणि अतिसंवाहकता खालावते. १९९५ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांतून हे पट्टे दिसले. हे पट्टे अतिसंवाहकतेचे शत्रू की तिच्याच मुळाशी असलेले सोबती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

पाऱ्याचे कोडे सुटायला ४६ वर्षे लागली. तांब्याचे कोडे अजून सुटायचे आहे.