आजचे चिंतन : आगमनकाळाचा तिसरा रविवार (मत्तय 11:2-11)



आजच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्ता तुरुंगात आहे. तिथून तो शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि विचारतो की येणारा तो तूच, की आम्ही अजून दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? दरवेळी मी इथे अडखळतो. ज्याने यार्देनच्या काठी लोकांना येशू दाखवला, त्यालाच शंका यावी?

यंदा हे वाचताना आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवले. त्यांचं नाव आपण चर्चवर, कॉलेजच्या पाटीवर रोज बघतो. पण खरं सांगतो, त्यांची गोष्ट मी नीट वाचली ती या आठवड्यात, विरार लोकलमध्ये उभ्याने.

1557 च्या सुमारास वसईत जन्म. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात जेजुइट फादरांकडे शिकले आणि जेमतेम पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. भाषा अशी आत्मसात केली की तिथे सुमारे 8 वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. मनात एकच इच्छा, जेजुइट व्हायचं. पण संघाने त्यांना घेतलं नाही.

8 वर्षं! आमच्या आयटीत 2 वर्षांत माणूस नोकरी बदलतो. माझं प्रमोशन लागोपाठ दुसऱ्यांदा हुकलं तेव्हा मी देवाशी महिनाभर धड बोललो नव्हतो. रविवारी मिस्साला जायचो, पण मागच्या बाकावर बसून मोबाइल बघायचो.

गोन्सालो यांनी मग व्यापार सुरू केला आणि तो चांगला चाललाही. त्यांना आतून काय वाटत होतं, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. पुढे मनिलाला त्यांनी व्यापार सोडला आणि ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. धर्मगुरू नाही, साधे ब्रदर. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे वकील म्हणून पाठवलं, तेव्हा दुभाष्या हवा होता. नाकारलेल्या त्या 8 वर्षांत शिकलेली जपानी भाषा इथे लागली. बोलणं फादरांचं, आवाज वसईच्या ब्रदरचा. परवानगी मिळाली. क्योतोत मठ उभा राहिला, चर्च झालं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं सुरू झाली.

ही रुग्णालयं लक्षात ठेवा. येशूने योहानाला सरळ हो किंवा नाही असं उत्तर दिलंच नाही. त्याने शिष्यांना सांगितलं की जे बघता, ऐकता तेच त्याला जाऊन सांगा : आंधळे बघतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात. योहानाला हा निरोप मिळाला. सुटका मात्र मिळाली नाही.

1596 च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यातल्या मालावरून वाद झाला, आणि हे मिशनरी म्हणजे स्पेनच्या फौजेची पहिली तुकडी, असा संशय हिदेयोशीच्या मनात भरवला गेला. 8 डिसेंबरला, म्हणजे आपण अमलोद्भव मातेचा सण करतो त्या दिवशी, मठावर पहारा बसला. तो आगमनकाळ आणि तो नाताळ गोन्सालो यांनी पहाऱ्यातच काढला. आपण इथे गोठ्यासाठी गवत आणि दिव्यांच्या माळा शोधत फिरतो, म्हणून हे मला जास्त लागलं.

3 जानेवारी 1597 ला कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. मग भर थंडीत नागासाकीपर्यंत धिंड. सुरुवातीला 24 जण होते, वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, वय 12. 5 फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांच्यात तीन जेजुइटही होते. ज्या संघाने दार उघडलं नव्हतं, त्याचीच माणसं मरताना शेजारच्या क्रुसांवर होती.

संतपद मिळालं 1862 साली. म्हणजे 265 वर्षांनी.

योहानाने तो निरोप ऐकून काय केलं, हे मत्तय सांगत नाही. आज मिस्सानंतर मी फुलपाड्याला चालत घरी आलो आणि वाटभर तेच डोक्यात होतं. शुक्रवारी माझा पुन्हा रिव्ह्यू आहे. आठवण झाली तर माझ्यासाठी एक नमो मारिया म्हणा.

उद्याचं वाचन : मत्तय 21:23-27.