बेडकाच्या पायावरून वाद झाला आणि जगाला पहिली बॅटरी मिळाली

मोबाइलपासून ई-स्कूटरपर्यंत सगळं बॅटरीवर चालतं. तिची सुरुवात एका वादातून झाली.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म 1745 मध्ये इटलीतल्या कोमो शहरात झाला. पुढे ते पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1791 मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींनी मांडलं, की धातू लावल्यावर मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो, कारण प्राण्याच्या शरीरातच वीज असते. व्होल्टांना आधी हे पटलं. नंतर शंका आली: वीज बेडकाची की धातूंची?

त्यांनी बेडूकच बाजूला काढला. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. वीज सलग वाहू लागली. 1800 मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

ते पाहायला गॅल्व्हानी नव्हते. नेपोलियनने उभ्या केलेल्या सरकारशी निष्ठेची शपथ नाकारल्याने त्यांचं पद गेलं होतं. 1798 मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच नेपोलियनने 1801 मध्ये पॅरिसला व्होल्टांचा प्रयोग पाहिला आणि पुढे त्यांना काउंट केलं.

खरं तर दोघंही अर्धेच बरोबर होते. नसांमध्ये वीज असते. आणि बॅटरीतली वीज नुसत्या धातूंच्या स्पर्शातून नाही, तर रासायनिक क्रियेतून येते.

व्होल्टा 1827 मध्ये गेले. त्यांचं नाव मात्र तुमच्या चार्जरवर आजही आहे: व्होल्ट.