क्लोद बेर्नार

क्लोद बेर्नार (१२ जुलै, १८१३ – १० फेब्रुवारी, १८७८) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. शरीर साखर केवळ अन्नातून घेत नाही, तर यकृतात ती स्वतः तयारही करते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. रक्तातील साखरेच्या नियमनाच्या व मधुमेहाच्या अभ्यासाला या शोधाने नवी दिशा मिळाली.

जीवन

बेर्नार यांचा जन्म फ्रान्समधील सें-जुलियें या खेड्यात, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात झाला. ल्यों शहरात औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असताना त्यांना नाट्यलेखनाचा छंद जडला. आपले नाटक घेऊन ते पॅरिसला गेले. तेथे समीक्षक सें-मार्क जिरार्दें यांनी चरितार्थासाठी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला व तो त्यांनी मानला. १८४१ मध्ये ते फ्रांस्वा माजांदी यांचे साहाय्यक झाले. १८५५ मध्ये माजांदी यांच्या निधनानंतर कोलेज द फ्रांस या संस्थेत त्यांच्या जागी बेर्नार यांची नेमणूक झाली.

यकृत आणि साखर

प्राण्यांना साखर केवळ वनस्पतिजन्य अन्नातून मिळते, अशी त्या काळी समजूत होती. १८४८ मध्ये बेर्नार यांना, केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर आढळली. पुढे त्यांनी एक यकृत रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून, साखरेचा अंश उरणार नाही इतके धुतले. काही तासांनी त्यात पुन्हा साखर दिसली. साखरेचा मूळ साठा यकृतातच असतो, हे यावरून स्पष्ट झाले. तो साठ्याचा पदार्थ, म्हणजे ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ मध्ये वेगळा केला.

मधुमेहविषयक मत

मेंदूच्या तळाशी ठरावीक जागी टोचल्यास प्राण्याच्या मूत्रात काही काळ साखर उतरते, हे त्यांनी १८४९ मध्ये दाखविले होते. त्यामुळे मधुमेहाचे मूळ ते यकृत व मज्जासंस्था यांत शोधीत राहिले. स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थ पचवितो, हा शोध त्यांचाच होता. मात्र या अवयवाचा मधुमेहाशी असलेला संबंध त्यांच्या ध्यानी आला नाही. तो १८८९ मध्ये ऑस्कर मिंकोव्स्की व योसेफ फॉन मेरिंग यांच्या प्रयोगांतून उघड झाला. स्वादुपिंडातील इन्शुलिन यकृताच्या साखरनिर्मितीस आवर घालते, तर ग्लुकागॉन तिला चालना देते, हे आज ज्ञात आहे. इन्शुलिन अपुरे पडले की हा आवर सुटतो. म्हणूनच मधुमेही व्यक्तीची साखर उपाशीपोटीही वाढलेली आढळते. बेर्नार यांना दिसलेली बाजू अपुरी होती, पण चुकीची नव्हती.

कौटुंबिक जीवन व अखेर

हे संशोधन जिवंत प्राण्यांवरील शस्त्रक्रियांवर आधारलेले होते. पत्नीच्या हुंड्यामुळे त्यांना आर्थिक स्थैर्य लाभले. परंतु पत्नी व मुली यांचा अशा प्रयोगांना तीव्र विरोध होता. अखेर पती-पत्नी विभक्त झाले. बाहेरचे हवामान व आहार बदलला तरी शरीर आपले आंतरिक वातावरण स्थिर राखते, हा विचार बेर्नार यांनी मांडला. प्रायोगिक वैद्यकावरील त्यांचा ग्रंथ १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामाने त्यांचा अंत्यविधी करण्यात आला.